नागपंचमीतील निषेध आणि नाते : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात नागपूजेच्या अर्थाची चिकित्सा

प्रस्तावना

श्रावण शुद्ध पंचमीला महाराष्ट्रात सर्वत्र नागपूजा होते. पाटावर हळदीने किंवा गंधाने नाग रेखाटला जातो. काही घरी मातीचा नाग करतात, तर गावाकडील स्त्रिया वारुळाला जाऊन दूध, लाह्या, दूर्वा व आघाडा वाहतात. आदल्या दिवशी, नागचतुर्थीला, भावासाठी उपवास धरला जातो. या सणाचा अर्थ काय, या प्रश्नाला मराठी अभ्यासकांनी आणि वक्त्यांनी सामान्यतः तीन उत्तरे दिली आहेत. नाग विषारी असल्यामुळे भयापोटी त्याची पूजा सुरू झाली, हे पहिले उत्तर. नाग व वारूळ ही सुफलनाची प्रतीके आहेत, हे दुसरे. नाग उंदीर खातो, म्हणून तो शेतकऱ्याचा मित्र आहे आणि पूजा ही त्या उपकाराची फेड आहे, हे तिसरे.

तिन्ही उत्तरांत तथ्यांश आहे. तथापि तिन्हींमध्ये एक समान उणीव आढळते. नागाला काय वाहिले जाते आणि का वाहिले जाते, याचा विचार ती करतात; त्या दिवशी काय करावयाचे नसते, याकडे मात्र ती पुरेसे लक्ष देत नाहीत. नांगर धरू नये, जमीन खणू नये, भाजी चिरू नये, तवा चुलीवर ठेवू नये, तळू नये, हे निषेध सणाच्या केंद्रस्थानी आहेत आणि नागपंचमीच्या कहाण्यांत त्यांची कारणमीमांसाही आली आहे. दूध-लाह्यांपेक्षा हे निषेध व त्यांमागील नाते यांतच सणाचा मूळ आशय शोधावा लागतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके या प्रतिपादनाच्या तपासणीसाठी विशेष उपयुक्त आहेत. येथे प्राचीन शिल्पे व शिलालेख आहेत, डोंगरी भातशेती आहे, बागायती ऊस आहे आणि सर्पदंशाचा प्रश्नही आहे.

प्रचलित उपपत्तींचा परामर्श

नागपूजेच्या आधुनिक अभ्यासाचा आरंभ बहुधा जेम्स फर्ग्युसन यांच्या ‘ट्री अँड सर्पंट वर्शिप’ (१८६८) या ग्रंथापासून मानला जातो. सांची व अमरावती येथील शिल्पांच्या आधारे त्यांनी वृक्षपूजा व सर्पपूजा यांचा संबंध आर्येतर वंशांशी जोडला. पुढे जे. पी. एच. फोगेल यांनी ‘इंडियन सर्पंट-लोअर’ (१९२६) मध्ये वैदिक, बौद्ध व पौराणिक वाङ्मयातील नागकथांचे व्यवस्थित संकलन केले. फर्ग्युसन यांच्या वंशकल्पनेचा आधार आज उरलेला नाही. तरीही ‘नाग हे अनार्य दैवत, ते पुढे आर्यांनी स्वीकारले’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांत व व्याख्यानांत अजून टिकून आहे. एखादा आचार कोणाकडून आला हे सांगितल्याने तो आज का पाळला जातो याचे उत्तर मिळत नाही, ही या विचारपद्धतीची मर्यादा होय.

दा. ध. कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) मध्ये वेगळी वाट धरली. ग्रंथांतील दैवतकथांपेक्षा पुणे परिसरातील वाटा, घाट, लेणी व शेंदूर लावलेले तांदळे यांना त्यांनी पुरावा मानले आणि देवतांचा संबंध उत्पादनपद्धतीतील बदलांशी लावला. रा. चिं. ढेरे यांच्या ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथाने वारुळाचा अर्थ उलगडला. वारूळ हे भूमीच्या गर्भाशयाचे प्रतीक आहे आणि रेणुका-यल्लम्मा किंवा गोमंतकातील सांतेरी या देवतांचे त्याच्याशी असलेले नाते त्याच कल्पनेतून आले आहे, हे त्यांनी साधार मांडले. नागपंचमीला स्त्रिया वारुळाकडे का जातात, याचे सर्वांत समाधानकारक विवेचन आजही ढेरे यांच्या मांडणीतच सापडते. मात्र सुफलनाचा हा अर्थ स्वीकारला, तरी एक प्रश्न उरतो. भूमी सुफलित व्हावी अशी इच्छा असेल, तर त्याच दिवशी भूमीला नांगर लावण्याची बंदी का असावी?

‘शेतकऱ्याचा मित्र’ ही उपपत्ती सर्वांत अलीकडची आणि आज सर्वांत लोकप्रिय आहे. शाळा-महाविद्यालयांतील कार्यक्रमांत तिचा हमखास उच्चार होतो. सापांच्या संरक्षणासाठी तिचा उपयोग झाला, हे मान्य करावयास हवे. परंतु नागपंचमीच्या प्रचलित कहाण्यांत उंदीर कोठेही येत नाही. तेथे नाग शेतकऱ्याचे पीक वाचवत नाही. शेतकरीच नागाचे घर मोडतो. उपकाराची फेड आणि अपराधाची कबुली या दोन भिन्न भावना आहेत. पहिलीत मनुष्य हिशेब चुकता करतो, दुसरीत तो देणेकरी राहतो.

परिसरातील पुरावे आणि त्यांच्या मर्यादा

जुन्नरच्या प्राचीनतेचा दाखला देताना नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेखाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. सातकर्णीची राणी नागनिका (लेण्यातील प्रतिमांवरच्या नामलेखात ‘नायनिका’) हिच्याशी निगडित असलेल्या या लेखात अनेक यज्ञांची व दक्षिणांची नोंद असून आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य व लोकपाल यांना वंदन आहे. राणीच्या नावातील ‘नाग’, लेखात तिच्यासंबंधी आलेले ‘नागवरदायिनी’ हे विशेषण आणि शेषाचा अवतार मानलेला संकर्षण यांवरून जुन्नर परिसर हा प्राचीन नागपूजेचा प्रदेश होता, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. ‘नाग’ या शब्दाचा अर्थ सर्प तसा हत्तीही होतो. गजदानाची नोंद करणाऱ्या लेखात ‘नागवरदायिनी’ म्हणजे उत्तम हत्तींचे दान करणारी हाच अर्थ अधिक सयुक्तिक ठरतो. संकर्षणाचे शेषाशी असलेले नाते महाकाव्य-पुराणांतून येते, या लेखातून नव्हे. लेखाचे महत्त्व मोठे आहे; पण नागपूजेचा पुरावा म्हणून तो दुर्बल आहे.

जुन्नर शहरालगतच्या मानमोडी डोंगरातील भूतलिंग लेणीसमूहाची साक्ष याहून बोलकी आहे. तेथील चैत्यगृहाच्या अपूर्ण राहिलेल्या दर्शनी भागावर कमळाच्या पाकळ्यांसारख्या रचनेत गजलक्ष्मी व तिचे उपासक कोरलेले आहेत आणि चंद नावाच्या यवनाने दिलेल्या दानाचा लेख आहे. त्याच दर्शनी भागावर स्तूपाच्या दोन बाजूंना दोन उपासक आकृती दिसतात. एकीच्या मस्तकामागे नागफणा आहेत, तर दुसरीला पंख आहेत. नाग आणि गरुड हे परंपरेने जन्माचे वैरी. येथे मात्र दोघेही एकाच पूज्य वस्तूच्या दोन अंगांना सेवक म्हणून उभे आहेत. बौद्ध कलेत नागाचे स्थान मुचलिंदाच्या कथेमुळे परिचित आहेच. मानमोडीच्या या शिल्पात वैर मिटवून एका मर्यादेत राहण्याची कल्पना कोरली गेली आहे. नागपंचमीचा उगम या शिल्पात आहे असे म्हणणे साहसाचे होईल. परंतु नागाला मारून किंवा हाकलून देण्याऐवजी त्याच्याशी तह करावा, हा विचार या डोंगरांना दोन हजार वर्षांपासून परिचित आहे, एवढे म्हणता येते.

हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचे, जुन्नर तालुक्यातील खिरेश्वर येथील नागेश्वराचे मंदिर हा पुढील काळातील टप्पा होय. शिवाच्या गळ्यातील नाग आणि विष्णूची शय्या झालेला शेष या रूपांत नाग येथपर्यंत पौराणिक देवमंडळात सामावलेला दिसतो. मंदिरातील नाग हा देवाचा अलंकार किंवा आसन असतो. वारुळातील नाग मात्र स्वतंत्र असतो आणि त्याची पूजा पुरोहिताशिवाय, स्त्रियांकडून होते. या दोन नागांत गल्लत केल्यामुळे अनेक विवेचने भरकटली आहेत. नागपंचमी हा प्राधान्याने दुसऱ्या नागाचा सण आहे.

कहाणीतील अपराध आणि मध्यस्थी

नागपंचमीच्या सर्वपरिचित कहाणीत शेतकरी नांगरत असताना फाळ वारुळात घुसतो व नागिणीची पिल्ले मरतात. परतलेली नागीण शेतकऱ्याच्या कुटुंबाचा दंशाने सूड घेते आणि परगावी दिलेल्या मुलीकडे जाते. ती मुलगी पाटावर नाग काढून पूजा करीत असते. नागीण शांत होते, घडलेला प्रकार सांगते, आणि मुलीच्या विनवणीवरून माहेरच्या माणसांना जीवदान मिळते. दुसऱ्या कहाणीत माहेर नसलेल्या धाकट्या सुनेला नाग मामा होऊन आपल्या घरी नेतो. तेथे तिच्या हातून दिवा पडून पिल्लांची शेपटे भाजतात. पुढे मोठी झालेली पिल्ले सूड घ्यावयास येतात, तेव्हा ती आपल्या नागभावांच्या खुशालीसाठी प्रार्थना करताना त्यांना दिसते आणि त्यांचा राग ओसरतो.

दोन्ही कहाण्यांची घडण सारखी आहे. अपराध नकळत घडतो, तरी तो अपराधच मानला जातो. सूडाला कारण असते, म्हणून नाग दुष्ट ठरत नाही. आणि तोडगा स्त्रीमुळे निघतो. महाभारतातील आस्तिकपर्वाची रचनाही हीच आहे. जनमेजयाचे सर्पसत्र थांबवणारा आस्तिक हा नागकन्या जरत्कारूचा पुत्र, म्हणजे वासुकीचा भाचा. परंपरेने या घटनेचा संबंध श्रावण शुद्ध पंचमीशी जोडलेला आहे. तिन्ही कथांत मध्यस्थ एकतर लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली स्त्री आहे किंवा तिचा मुलगा. दोन घरांची सीमा जिने स्वतः ओलांडली आहे, तीच मनुष्य व नाग यांच्या सीमेवर बोलू शकते. सण माहेरवाशिणीचा का, नागाला भाऊ का मानावयाचे, आदल्या दिवशीचा उपवास भावासाठी का, या प्रश्नांची उत्तरे या रचनेत मिळतात. ज्याच्याशी रक्ताचे नाते नाही आणि ज्याच्याशी वैर परवडणारे नाही, त्याच्याशी समाज सोयरीक जोडतो.

आस्तिकपर्वामागे खांडववनाचा दाह आहे. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये या दाहाकडे शेतीसाठी वन जाळण्याच्या व तेथील रहिवाशांच्या संहाराच्या दृष्टीने पाहिले. त्या विवेचनाच्या प्रकाशात शेतकऱ्याचा फाळ व खांडवाची आग ही एकाच कृतीची लहान-मोठी रूपे दिसू लागतात. शेती म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी जागा घेणे. नागपंचमीचे निषेध हे या जाणिवेचे वार्षिक स्मरण होय. शेतात फाळ व कुदळ, घरात विळी, चुलीवर तापलेला तवा व कढई, ही सर्व धारेची व दाहाची साधने आहेत. कहाण्यांतील पिल्ले नेमकी धारेने मेली आणि आगीने भाजली. म्हणून त्या दिवशी ही साधने बाजूला ठेवली जातात आणि पुरणाची दिंडे चिरल्या-तळल्याविना उकडून होतात.

निषेधाची किंमत

निषेधाचे मोल तो पाळण्यासाठी काय सोडावे लागते यावरून ठरते. जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, नाणेघाटापासून भीमाशंकरच्या डोंगरांपर्यंत, महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे. येथील मुख्य पीक भात, जोडीला नाचणी व वरई. श्रावणाच्या आरंभी चिखलणी व आवणी यांची घाई असते. पाऊस हाताशी असताना एक दिवस नांगर उभा ठेवणे हा येथे खराखुरा त्याग ठरतो. याच दिवसांत बिळांत पाणी शिरल्याने साप बाहेर पडतात आणि बांधावर, गवतात, घराच्या कोपऱ्यात त्यांची व माणसाची गाठ पडते. सणाची तिथी अशा प्रकारे माणसाचा व सापाचा वावर एकमेकांत मिसळण्याच्या काळातच येते.

या डोंगरी भागातील इतर आचारही याला पूरक आहेत. वाघबारशीला वाघदेवाची पूजा होते. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील ज्या देवरायांचा अभ्यास केला, तशा राया याही भागात आहेत. वाघाची सीमा, रायीची सीमा आणि वारुळाची सीमा यांत एकच नियम आहे : काही जागा व काही दिवस यांना हात लावावयाचा नाही.

पूर्व भागातील चित्र वेगळे आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांच्या कुकडी प्रकल्पाने कुकडी, मीना व घोड नद्यांची खोरी बागायती केली. ऊस, कांदा, टोमॅटो व द्राक्षे यांनी समृद्धी आणली. उसाने वर्षभर दाट आडोसा दिला. त्यात बिबट्यांची वीण होऊ लागली आणि उंदीर व त्यांच्यामागोमाग सापही आले. पिकाला पाणी देण्याची पाळी वेळी-अवेळी, अनेकदा रात्री येऊ लागली. ट्रॅक्टरने वारूळ ओळखण्याइतका वेळ शेतकऱ्याकडे ठेवला नाही, आणि बांधच अरुंद झाल्यावर वारुळे उरली तीही थोडी. अशा स्थितीत सण टिकला, पण त्याचा भार निषेधावरून नैवेद्यावर सरकला. न करण्याचा दिवस हा काहीतरी वाहण्याचा दिवस झाला.

दूध, खेळ आणि दंश

हा बदल निरुपद्रवी नाही. नैवेद्याला घेणारा हवा असतो, म्हणून जिवंत नाग समोर आणला जातो. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची दंतकथा या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या गृहिणीसमोर गोरक्षनाथांनी जिवंत नाग प्रकट केला आणि तेव्हापासून तेथे जिवंत नागांची पूजा सुरू झाली, असे सांगतात. म्हणजे कथेच्या आठवणीतही मातीचा नाग आधी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आणि मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे तेथील नाग पकडणे व मिरवणे थांबले. २०२५ मध्ये केंद्र शासनाने शैक्षणिक हेतूपुरती सशर्त परवानगी दिली, तेव्हा हा वाद पुन्हा चर्चेत आला. परंपरेच्या बाजूने बोलताना ती परंपरा कोणती, हे आधी ठरवणे आवश्यक आहे. गारुड्याच्या टोपलीतील, विषदंत काढलेला व उपाशी ठेवलेला नाग दूध प्याला, तर ते तहानेमुळे. दूध हे सापाचे अन्न नव्हे आणि ते त्याला अपायकारक ठरते. पाटावरच्या नागाला वाहिलेले दूध कोणालाही इजा करीत नाही. रेखाटलेला नाग ही जिवंत नागाची उणी प्रतिकृती समजणे चूक आहे. पूजा करावयाची आणि त्याला त्याच्या जागी राहू द्यावयाचे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधण्याची ती युक्ती आहे.

दुसरी बाजू माणसाची आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील निम्मे जून ते सप्टेंबर या महिन्यांतील होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. भारत सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावर प्रतिविष उपलब्ध आहे. मण्यारीचा दंश रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो आणि पुष्कळदा तो जाणवतही नाही. घोणस गवतात व पिकात पायाखाली येते. दंश झालेला अवयव न हलवता माणसाला त्वरित रुग्णालयात नेणे हाच मार्ग आहे. नारायणगाव येथे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशावरील उपचार व प्रबोधन यांचे जे काम दीर्घकाळ केले, त्यामुळे या परिसरात ही जाणीव रुजण्यास साहाय्य झाले.

येथे सणाच्या अर्थाचा प्रश्न व्यवहाराला भिडतो. नाग म्हणजे कोपणारा व प्रसन्न होणारा देव, एवढाच अर्थ धरला, तर दंश हा कोप ठरतो आणि माणसाला भगताकडे, मंत्राकडे नेले जाते. त्यात मोलाचा वेळ जातो. नाग म्हणजे मित्र, एवढाच अर्थ धरला, तर सावधगिरी सैल होते. कहाणीतील नाग यांपैकी कोणीही नाही. तो शेजारी आहे. त्याचे घर आहे, पिल्ले आहेत आणि त्याच्या वाटेत गेल्यास तो डसतो. अशा शेजाऱ्याशी वागण्याचा नियम एकच : त्याच्या घरात हात घालू नये आणि आपल्या घराची दारे, बिळे, अंथरूण नीट पाहावे. कहाणीत मेलेली माणसे अमृताने उठतात. गावात ते काम प्रतिविष करते.

समारोप

नागपूजेची भय, सुफलन व उपयुक्तता ही तीन प्रचलित स्पष्टीकरणे परस्परांना छेद देणारी नसली, तरी ती अपुरी आहेत. नाणेघाटाच्या लेखातून नागपूजा सिद्ध करता येत नाही. मानमोडीच्या शिल्पातून तहाची कल्पना दिसते. कहाण्यांतून अपराध, सूड, मध्यस्थी व सोयरीक असा सुसंगत क्रम हाती येतो. आणि निषेधांतून तो क्रम आचारात उतरतो. या सणाने समाजाला वर्षातून एक दिवस आपल्या शेतीच्या मुळाशी असलेल्या हिंसेची आठवण दिली आणि त्या दिवशी धार व आग बाजूला ठेवावयास शिकवले. पश्चिमेकडील भातखाचरांत या निषेधाची किंमत अजून मोजावी लागते. पूर्वेकडील उसाच्या पट्ट्यात ती जवळजवळ शून्यावर आली आहे, आणि साप व माणूस यांची गाठ मात्र तेथे वर्षभर पडू लागली आहे.

सणाचे पुनरुज्जीवन करावयाचे असेल, तर ते दुधाच्या वाट्या वाढवून होणार नाही. बांधावरचे एखादे वारूळ नांगराबाहेर सोडणे, रात्रीच्या पाण्याला जाताना विजेरी व बूट वापरणे, जवळचे प्रतिविष कोठे मिळते हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असणे, या गोष्टी कहाणीच्या आशयाशी अधिक सुसंगत आहेत. पाटावर नाग रेखाटणाऱ्या स्त्रीने नागिणीला शांत केले ते तिला दूध आवडले म्हणून नव्हे. आपल्या माणसांच्या हातून काय घडले, हे ऐकून घेण्याची तिची तयारी होती.